बाईंच्या मोबाइलमधली टिपणं

मित्रांनो, माझी काच तडकली आहे आणि बॅटरी दुपारपर्यंतही तग धरत नाही, तरी जमेल तेवढं सांगतो. मी शाळेतल्या समुपदेशक बाईंचा जुना मोबाइल आहे.

दूरच्या एका कारखान्यात हातमोजे घातलेल्या बोटांनी मला जोडलं. मग दुकानाच्या काचेआड मी बरेच दिवस पडून होतो. बाईंनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि "हाच द्या," म्हणाल्या. तेव्हाचा माझा तोरा काय सांगू! शिक्षकांच्या खोलीत जो तो मला हातात घेऊन बघायचा.

बाईंची खोली जिन्याखाली होती. दोन खुर्च्या, एक टेबल आणि दाराला जाड पडदा. मनावर ओझं असलेली मुलं तिथे येत. मूल गेलं की बाई त्याचं बोलणं माझ्यात टिपून ठेवत, म्हणजे पुढच्या वेळी तेच तेच विचारून त्याला छळायला नको. त्यासाठी त्यांनी एक फुकटचं अ‍ॅप घेतलं होतं. ते शाळेच्या खात्यावरून उघडायचं. त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही.

नववीतली एक मुलगी यायची. फारशी बोलत नसे, म्हणून वर्गात तिला 'गप्पू' म्हणत. पहिले काही दिवस ती नुसती नखं कुरतडत बसली. मग हळूहळू बोलती झाली. तिचे बाबा आईला मारत. मायलेकी गुपचूप मावशीकडे निघून जाणार होत्या.

"कुणाला सांगू नका हं, बाई."

"नाही गं सांगणार."

बाईंनी शब्द पाळला. पण त्यांनी टिपण लिहिलं, आणि शाळेचं खातं एकच असल्यामुळे ते कचेरीतल्या संगणकावरही जाऊन बसलं. तिथल्या काकांनी ते वाचलं. काका मनाने वाईट नव्हते. घर मोडायला नको म्हणून त्यांनी मुलीच्या वडिलांना फोन केला. "जरा घरात लक्ष द्या," एवढंच म्हणाले.

त्यानंतर बरेच दिवस गप्पू शाळेत आली नाही. आली तेव्हा तिला सोडायला वडील फाटकापर्यंत आले होते. आईचा हात प्लास्टरमध्ये असल्याचं बाईंना दुसऱ्या मुलींकडून कळलं. गप्पू जिन्यापाशी बाईंच्या समोरून गेली, पण तिने मान वर केली नाही.

बाईंनी मला खणात ढकललं. मला वाटलं, आता आपल्याला रजा मिळाली. पण थोड्या दिवसांनी त्या मला घेऊन संगणकाच्या सरांकडे गेल्या. डोळे सुजलेले होते.

"सर, टिपणं ठेवायची आहेत. माझ्याशिवाय कुणालाही दिसता कामा नयेत. आणि फुकटातलंच बघा."

सरांनी माझ्यावर एकामागून एक अ‍ॅप उतरवून पाहिलं. पहिल्याने उघडताक्षणी बाईंच्या ओळखीच्या साऱ्यांचे नंबर मागितले.

"टिपणं लिहायला याला माझी माणसं कशाला हवीत?" बाई चिडल्या.

दुसऱ्यात कुलूप होतं.

"मग हे घेऊ या की."

"थांबा. कुलूप आहे, पण किल्ली त्या कंपनीकडेही आहे. त्यांना वाटलं तर ते उघडू शकतात."

तिसरं दिसायला अगदीच साधं होतं. त्यात लिहिलेलं माझ्यातच कुलूपबंद व्हायचं आणि मगच बाहेर, कंपनीच्या संगणकावर जायचं. किल्ली म्हणजे बाईंचा परवलीचा शब्द. तो कंपनीलाही ठाऊक नसायचा.

"विसरलात तर मात्र सगळं गेलं," सर म्हणाले. "मलाही उघडता येणार नाही."

"चालेल," बाई म्हणाल्या. त्यांनी शाळेच्या खात्यातली जुनी टिपणं पुसली. पुसताना त्या म्हणाल्या, "वाचलं गेलं ते काही पुसता येत नाही, सर."

एका मधल्या सुट्टीत पडदा हलला. गप्पू दारातच उभी राहिली. माझ्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "यातच लिहिलं होतं ना?"

"हो. माझ्यामुळे झालं ते, बाळा." बाईंनी तिला नवं अ‍ॅप दाखवलं, त्याचं कुलूप समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तरी नको, बाई. आज काहीच लिहू नका."

बाईंनी मला बंद केलं आणि शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात ठेवून आल्या. त्यामुळे त्या दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. मुलीने तसंच मागितलं होतं, आणि तो तिचा हक्क होता.

काही आठवड्यांनी गप्पूचा बाक रिकामा झाला. वडील शाळेत येऊन आरडाओरडा करून गेले. कचेरीतल्या काकांनी खाली मान घालून "आम्हाला काही माहीत नाही" म्हटलं, आणि ते खरंच होतं. बाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. माझी काच उजळली की त्या दचकत.

मित्रांनो, कुणी विश्वासाने सांगितलेलं माझ्यासारख्याच्या पोटात ठेवण्याआधी एवढं नक्की विचारा, की किल्ली कुणाकुणाकडे आहे? आणि कुणी 'लिहू नका' म्हटलं, तर आम्हाला खुशाल दूर ठेवा. आम्हाला राग येत नाही.

एके दिवशी अनोळखी नंबरावरून निरोप आला, 'बाई, पोहोचलो.' कुठे ते लिहिलं नव्हतं. बाईंनी तो दोनदा वाचला, डोळे पुसले आणि लगेच पुसून टाकला.