दारोदारचा निरोप

बेरेंड वेसेलिंकच्या बहिणीला जुळं झालं त्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी, तो गोठ्यामागचा अँटेनाचा उंच खांब दोर सोडून खाली घेत होता. रेडिओ खात्याची दोन माणसं गावातल्या खाणावळीत उतरली होती. बर्फात त्यांची मोटार अडकली होती. बिनपरवाना केंद्रांचा माग काढणारं त्यांचं यंत्र मात्र हातात धरून फिरता येई.

ट्रान्समीटर बेरेंडने घरीच बांधला होता, दोन हिवाळे खपून. रविवारी ‘काळा बोका’ या नावाने तो अ‍ॅकॉर्डियनच्या तबकड्या लावी, आजाऱ्यांची नावं घेऊन त्यांना बरं वाटो म्हणे. आसपासची सगळी घरं ऐकत. एक त्याचे वडील सोडून. चर्चच्या पंचमंडळातले हे वडील, डेर्क, त्या यंत्राला चोराचा भोंगा म्हणत.

तेच आता गुडघाभर बर्फातून आले.

“उभा कर तो.”

“काय?”

“खांब. हर्मिना गेली पहाटे.”

हर्मिना लँसिंक लागूनच्या शेतावरची. कुणी गेलं की शेजारघरच्या थोरल्या पुरुषाने दारोदार जाऊन निरोप द्यायचा. ज्या घराला निरोप नाही ते मातीला येत नाही, आणि तो बट्टा शेजाऱ्याला लागतो. आज रस्ते बुजले होते, टेलिफोनच्या तारा तुटल्या होत्या. चर्चही बंद, लोक रेडिओपाशीच बसलेले असणार.

“मी सांगतो बाबा. झटकन सांगून बंद करतो. जास्त वेळ चालू राहिलं तर पकडतील.”

“या घरात थोरला तू आहेस का?”

खांब पुन्हा उभा राहिला. मायक्रोफोनसमोर येताच डेर्कनी टोपी काढली.

“रूरिंक,” पहिल्या घराचं नाव घेऊन ते म्हणाले. “शेजारीण हर्मिना लँसिंक आज पहाटे देवाघरी गेली. बुधवारी माती. तुम्ही यावं.”

आणि ते थांबले. बेरेंडने हातानेच खूण केली, पुढे चला.

“थांब की. ऐकलं म्हणू दे त्यांना.”

“बाबा, त्यांचं बोलणं इथं येत नाही!”

“ठाऊक आहे मला. म्हणून काय उत्तर न घेता दारातून निघायचं?”

हेसुद्धा घरोघरी ऐकू गेलं.

“एल्फरिंक,” डेर्क म्हणाले. पुन्हा सगळा निरोप, पुन्हा तेवढंच थांबणं. बेरेंडचं बोट बंद करायच्या बटणावर होतं. चौथ्या-पाचव्या घराला त्याने ते काढून घेतलं आणि आपलीही टोपी उतरवली.

खात्याची माणसं दारात आली तेव्हा दोन घरं उरली होती. डेर्कनी बोट वर केलं. ती माणसं उंबऱ्यातच थांबली. शेवटचा निरोप झाला.

“कोण बोलत होतं?”

“मी. डेर्क वेसेलिंक. नाव नीट लिहा.”

“आणि हे यंत्र कुणाचं?”

बेरेंड तोंड उघडणार, एवढ्यात डेर्क म्हणाले, “या घराचं. माझ्या पोराने बांधलंय. स्वतःच्या हातांनी. विकतचं नाही.”

बेरेंड खाली वाकला आणि उगाचच एक वायर गुंडाळू लागला.

“जप्त करावं लागेल, काका.”

“करा. पण एवढ्या बर्फातून खांद्यावर न्याल आणि पाडाल.”

डेर्कनी कोठारातून बर्फावरची घसरगाडी ओढून आणली. ट्रान्समीटर घोड्याच्या कांबळ्यात गुंडाळून स्वतः बांधला, गाठी दोनदा ओढून पाहिल्या.

“गाडी बुधवारच्या आत परत द्या. शवपेटीला लागेल.”

मंगळवारी दुपारी त्या दोघांनी गाडी ओढत आणून दिली, कांबळं घडी करून. बुधवारी एकही घर मागे राहिलं नाही. रूरिंकांचा म्हातारा तर लेकाच्या पाठीवर बसून आला.

ट्रान्समीटर परत मिळाला नाही. पुढच्या हिवाळ्यात बेरेंडने दुसरा बांधला. खांब उभा करताना दोर धरायला डेर्क होते.

हर्मिना लँसिंक १८ फेब्रुवारी १९७९ रोजी वारली. डेर्क वेसेलिंक ऑक्टोबर १९८६ मध्ये वारले, रविवारी, काळा बोका चालू असताना.