रद्द कायदा आणि पाचवं नाव

मी एक जुना इंग्रजी कायदा आहे, मित्रांनो. दंगलीविरुद्धचा. वय सहाशेच्या वर, त्यातून रद्द झालेला. सध्या मुक्काम नोएडा, अण्णासाहेबांच्या कपाटातल्या एका जाडजूड पुस्तकात.

माझा जन्म चौथ्या हेन्री राजाच्या काळात झाला. मी कडक होतो. दंगल झाली की न्यायाधीशांनी स्वतः तिथे जायचं, दंगेखोर पकडायचे आणि डोळ्यांनी पाहिलं ते लिहायचं. जे घरी बसून राहतील त्यांना शंभर पौंड दंड! बराच काळ माझा दरारा होता. मग एक धाकटा कायदा आला. तो जमावापुढे मोठ्याने वाचत. लोकांच्या लक्षात तोच राहिला. गेल्या शतकात जुनं सामान काढलं, त्यात मी गेलो. कुणी रडलं नाही.

अण्णासाहेबांनी मात्र मला जपलं. ते सरकारी कायदा खात्यातून निवृत्त झालेले. पाहुणे आले की माझं दंडाचं कलम वाचून दाखवत आणि स्वतःच पोट धरून हसत. पाहुणे पोहे संपवत.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या गेटवर भटक्या कुत्र्यांवरून हाणामारी झाली. अण्णासाहेब सोसायटीचे सेक्रेटरी. पोलिसांसाठी तक्रार लिहायला बसले. चार नावं झाली आणि पेन थांबलं.

"चौघांची नुसती मारामारी होते गं," ते पत्नीला, अलकाताईंना म्हणाले. "आपल्याकडे दंगल म्हणायला पाच लागतात."

"मग?"

"वरची देवयानी होती ना तिथे. कुत्र्यांना पोळ्या घालते ती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या व्हिडिओत दिसतेय."

देवयानी हिंगोलीची. भाड्याच्या खोलीत राहून कलेक्टर होण्याचा अभ्यास करत होती.

"अहो, पोलिसात नाव गेलं तर तिला नोकरी कोण देईल? तुम्ही खाली गेला होतात?"

"ग्रुपवर सगळं बिल्कुल क्लिअर आहे."

"अच्छा! म्हणजे शंभर पौंड झाले की तुमचे."

मित्रांनो, सहाशे वर्षांत मला इतकं नेमकं कुणी लागू केलं नव्हतं.

अण्णासाहेबांनी चपला घातल्या. गेटवर गार्डला विचारलं.

"वो बिटिया? वो तो छुड़ा रही थी, साहब. खुद को भी लगी."

ते तसेच वर देवयानीच्या दाराशी गेले. तिच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. टेबलावरच्या वहीत वाकडीतिकडी अक्षरं.

"काका, या ना! डाव्या हाताने सराव करतेय. पेपरला तीन आठवडे आहेत."

"होईल गं," एवढंच ते म्हणाले. घरी येऊन त्यांनी कागद फाडला आणि नव्यावर लिहिलं : चौघांची मारामारी. मी स्वतः पाहिलेली नाही.

मला परत आणू नका, मित्रांनो. माझ्या नावाखाली कितीजण फुकट तुरुंगात गेले असतील, कुणास ठाऊक. फक्त कागदावर कुणाचं नाव घालण्याआधी एकदा त्याच्या दारापर्यंत जाऊन या.