उस्तादांचा शेरा

चांदमारीच्या मैदानावर उस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अर्ध्याअधिक पोलिसांना पिस्तूल धरायला त्यांनीच शिकवलेलं. त्यामुळे खात्याने जुनी पिस्तुलं मोडीत काढून नवी घ्यायचं ठरवलं, तेव्हा साहेबांनी दुसऱ्या कोणाला विचारलंच नाही.

"दोन नमुने आलेत," साहेब म्हणाले. "चालवून बघा आणि शेरा लिहा. तुम्ही म्हणाल ते घेऊ."

एक पिस्तूल जाडजूड, पोलादी. हातात घेतलं की वीट उचलल्यासारखं वाटायचं. दुसरं सडपातळ, हलकं, बारीक मुठीचं. आठ पोलिसांना दोन्ही चालवायला दिली. त्यांच्यात गस्तीवरची एक पोलीस होती, अंगाने लहानखुरी, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. जाड पिस्तुलाने तिची तारांबळ उडाली. सडपातळ हातात आलं आणि तिने दहाच्या दहा गोळ्या मधल्या वर्तुळात घातल्या.

"उस्ताद, बघितलंत?" ती हरखून म्हणाली. "हे जणू माझ्या हाताचं माप घेऊनच केलंय!"

शेवटी उस्तादांची पाळी आली. सगळे बघायला मागे उभे राहिले.

वर्षभर उस्तादांच्या उजव्या अंगठ्याचं मूळ दुखत होतं. सांधा झिजलाय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. हात शेकायला ती रोज सकाळी गरम पाणी काढून द्यायची. हलकं पिस्तूल जास्त उसळतं. पहिल्याच गोळीला कळ थेट कोपरापर्यंत गेली. दुसऱ्या गोळीच्या वेळी चाप ओढायच्या आधीच हात दचकला. मग सगळंच बिघडलं. गोळ्या खाली गेल्या, दोन तर कागदालाही लागल्या नाहीत. मागे कोणीतरी खाकरलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

जाड पिस्तुलाने धक्का स्वतःच्या वजनात जिरवला आणि उस्तादांच्या गोळ्या पुन्हा वर्तुळात बसल्या.

"त्या बारक्यातच खोट आहे," मागे न वळता ते म्हणाले.

एवढ्यावर थांबले असते तर तोंडातून निसटलं म्हणता आलं असतं. पण संध्याकाळी त्यांनी शांतपणे टेबलाशी बसून शेरा लिहिला: 'हलके पिस्तूल भरवशाचे नाही. नेम धरत नाही.' चिमणीचा दहा भोकांचा कागद समोरच होता. त्याचं काय करायचं? त्यावर त्यांनी लिहिलं, 'हा योगायोग समजावा.' लिहिताना अंगठा जराही दुखला नाही.

जाड पिस्तुलं आली आणि सगळ्यांच्या कमरेला लागली. चार महिन्यांनी नेमबाजीची परीक्षा झाली, त्यात चिमणी नापास झाली. पुन्हा दिली, पुन्हा नापास. नियमाप्रमाणे तिची गस्त बंद झाली आणि ती तक्रारी लिहून घेण्याच्या टेबलावर जाऊन बसली. शेवटची एक संधी बाकी होती.

ती उस्तादांकडे आली. "माझंच काहीतरी चुकतंय. तुम्ही सांगाल तसं करते, पण मला या टेबलावरून उठवा."

मग ती रोज सकाळी ड्यूटीच्या आधी तासभर येऊ लागली. उस्ताद तिचे पाय नीट ठेवून घेत, कोपर सरळ करत, श्वास कधी रोखायचा ते सांगत. खरं दुखणं त्यांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं: तिचं बोट चापापर्यंत जेमतेम टोकानेच पोचत होतं. पोचवायला ती पिस्तूल हातात फिरवायची आणि नेम ढळायचा. महिना झाला, तिच्या अंगठ्याजवळची कातडी सोलवटली, तरी गोळ्या बाजूलाच.

एकदा पट्टी बांधता बांधता तिने विचारलं, "त्या दिवशी बारीक पिस्तुलाने मला जमलं, तो योगायोगच होता ना? तुम्ही तसं लिहिलंय म्हणे."

"हं," उस्ताद म्हणाले.

त्या दिवशी ते ताटावरून अर्धपोटीच उठले. बायकोने विचारलं, "हात जास्त दुखतोय का?"

"हात नाही दुखत." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

तिने त्यांचं ताट उचललं. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं ते कुठे बसतात, हे तुम्हाला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी ते साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांनी ऐकता ऐकता उठून दार लावून घेतलं. "एका अंगठ्यापायी? अहो, दुखतंय म्हणाला असतात तर कोणी तुम्हाला फासावर दिलं असतं का?"

उस्तादांनी अंगठा मुठीत दाबून धरला.

"निवृत्तीला वर्ष राहिलंय तुमच्या," साहेब जरा नरमले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण दोघंच जाणतो. जा, विसरून जा."

क्षणभर उस्तादांना हायसं वाटलं, आणि तेवढ्याशा सुटकेचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली. "नाही साहेब," ते म्हणाले. "लेखी देतो."

त्यांनी लेखी दिलं. नमुन्याचं सडपातळ पिस्तूल शस्त्रागारात पडून होतं, त्यावर चिमणीची परीक्षा घेतली आणि ती पास झाली. लहान हातांच्या पोलिसांसाठी तशी पिस्तुलं मागवायचं ठरलं, पण ती यायला पुढचं वर्ष उजाडणार होतं. नमुन्याचं पिस्तूल गस्तीवर नेता येत नव्हतं, म्हणून तोवर ती टेबलावरच. उस्तादांकडून मैदानाचं काम काढून घेतलं, ते त्यांना योग्यच वाटलं.

चिमणीला सांगायला ते स्वतः गेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"घरी मी सगळ्यांना सांगितलं, माझ्यात दम नाही म्हणून," ती हळूच म्हणाली. "आईलासुद्धा."

"पोरी, माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ हरवलेल्या सायकलची तक्रार घेऊन आले. तिने कोरा कागद पुढे ओढला आणि त्यांना बसायला सांगितलं.

पुढच्या वर्षी नवी पिस्तुलं आली आणि ती गस्तीवर परत गेली. उस्ताद आता निवृत्त झालेत. रस्त्यात भेटली तर ती सलाम ठोकते, अगदी नियमाप्रमाणे, आणि पुढे जाते. तिला थांब म्हणण्याचं धाडस उस्तादांना अजून झालेलं नाही.