त्रिवार धुतलेला चंबू

जामबागेतील त्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे विभागप्रमुख नामदेवराव यांचा एकच मंत्र होता : ज्या पात्रात जो द्रव घ्यायचा, त्यानेच ते त्रिवार धुवावे. ब्युरेटला आणि पिपेटला तो मंत्र शोभतो; परंतु मंत्र मुखोद्गत असणाऱ्यास अर्थाची उपाधी कशाला?

प्रात्यक्षिक परीक्षेसाठी हंगामी साहाय्यक रेणुकेने आम्ल सिद्ध केले होते. अनुमापनात, म्हणजे थेंबाथेंबाने आम्लारी सोडून आम्ल मोजताना, त्याच्या वीस मिलिलिटरला आम्लारीही वीसच लागावयास हवी. नामदेवरावांना लागली एकवीस. बाहेरून आलेल्या परीक्षक अलकाताईंसमोर त्यांनी रेणुकेच्या सेवासमाप्तीचे पत्र टेबलावर ठेवले. सहीच तेवढी उरली होती.

"आम्ल म्हणजे गोंगुऱ्याची आंबट चटणी नव्हे, बाई," ते म्हणाले. "जिभेच्या अंदाजाने बनवलंत!"

त्या पत्रावर सही झाली, की शहरातले कोणतेही महाविद्यालय आपल्या हातचे द्रावण घेणार नाही, हे रेणुका जाणून होती.

"सर, मॅडमसमोर पुन्हा करा की."

"हौ, करतो ना! बघा आणि शिका."

ज्यात आम्ल घेऊन मोजायचे, तो काचेचा चंबू त्यांनी आम्लानेच तीनदा खंगाळला. नेत्र अर्धोन्मीलित, थाट आचमनाचा. पिपेटकडे हात जाणार, तोच रेणुका म्हणाली, "आम्ल नक्को आत्ता, सर."

"मग काय मोजायचं? तुमची अक्कल?"

"रिकामा चंबू."

अलकाताईंनी खुर्ची पुढे ओढली. रेणुकेने त्या परमपवित्र चंबूत ऊर्ध्वपातित पाणी ओतले, आम्लारीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब सोडले आणि आम्लारीने भरलेल्या ब्युरेटची तोटी उघडली. थेंब पडे, गुलाबी छटा उमटे आणि विरून जाई. आम्ल न घेतलेल्या त्या पात्राने मिलिलिटरभर आम्लारी गिळली, तेव्हा कुठे रंग टिकला.

"चंबू नुसत्या पाण्याने धुवायचा असतो, सर. आम्लाने धुतला, की भिंतींना चिकटलेलं आम्लही मोजलं जातं. तो एकविसावा मिलिलिटर माझा नाही. तुमच्या सोवळ्याचा आहे."

नामदेवरावांनी चंबू दूर सारला. "मी... मी तुमची परीक्षाच घेत होतो."

"इतकी वर्षं मुलांचीही अशीच घेतलीत?" अलकाताईंनी विचारले. "पत्र फाडता, की मी अहवाल लिहू?"

नामदेवरावांनी पत्र फाडले. रेणुकेने हात पुढे करून तुकडे मागून घेतले आणि पर्समध्ये ठेवले.

"टोपलीत टाका ना ते!"

"नक्को, सर. संध्याकाळी वेचून चिकटवाल."