साळूबाईंच्या पाठीतली सळई

मी एक सळई. बांधकामावरची नव्हे, त्या माझ्या लांबच्या बहिणी, उन्हापावसात गंजून तांबड्या होतात बिचाऱ्या. मी टायटॅनियमची. माझा मुक्काम पडेगावच्या साळूबाईंच्या पाठीत, मणक्याच्या डाव्या अंगाला. उजव्या अंगाला माझी जुळी बहीण असते. आम्हा दोघींना जागेवर धरून ठेवायला सोळा स्क्रू आहेत. एवढा बंदोबस्त कैद्यालासुद्धा नसतो.

मला डोळे नाहीत. हाडांतून जेवढं ऐकू येतं, कळतं, तेवढंच सांगते.

जन्म कारखान्यातला, पण आकार मिळाला तो ऑपरेशनच्या टेबलावर. सर्जननं मला पकडीत धरलं आणि साळूबाईंच्या कमरेला शोभेल असा बाक दिला. आयुष्यात मी वाकले ती तेवढीच, आणि तीही दुसऱ्यानं वाकवलं म्हणून. त्याला पाच वर्षं झाली.

माझ्या आधी साळूबाईंचा कणा पुढे आणि एका बाजूला कलला होता. त्यांना समोरच्या माणसाच्या तोंडाआधी त्याच्या चपला दिसायच्या. मांड्यांवर हात रेटत चार घरं चालल्या की कुणाच्या तरी ओट्यावर टेकायच्या. आता त्या दौलताबाद रोडवरच्या बसथांब्यापर्यंत एका दमात जातात. हे सगळं आपल्यामुळं, असं मी पहिले काही दिवस स्वतःलाच ऐकवत होते.

त्यात मला चढवून ठेवायला घरात एक माणूस होता. साळूबाईंचे यजमान रामकिसनराव वाळूजच्या कारखान्यात लेथवर लोखंड कातणारे टर्नर होते. त्यांना बायकोपेक्षा माझंच कौतुक. पाहुणा आला की चहाच्या आधी एक्स-रे. "बघा, काय जॉब बसवलाय," म्हणायचे. एक्स-रेत मी पांढरीशुभ्र दिसते म्हणे. एकदा मॉलच्या दारातल्या यंत्रातून जायचं होतं. मी नक्की वाजणार म्हणून त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी आधीच हातात काढून ठेवली. मी वाजलेच नाही. मागून येणाऱ्या माणसाच्या किल्ल्या वाजल्या.

आता माझी लाज सांगते.

साळूबाई लहान बाळांना न्हाऊ घालायच्या. तीस वर्षं पडेगावातली निम्मी बाळं त्यांच्या पायांवर न्हाली. खाली पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे, नडग्यांवर बाळ पालथं घ्यायचं, तेल चोळायचं आणि कढत पाण्यानं शेकून काढायचं. कंबर मोडत आली तेव्हा ते बंद पडलं, आणि ते पुन्हा सुरू व्हावं म्हणूनच त्या ऑपरेशनला उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी आधी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं की कंबर सरळ होईल, पण मग वाकणार नाही; खाली बसायचं नाही. साळूबाईंनी मान डोलावली. जन्म बाळंतिणींत गेलेला. पथ्य म्हणजे सव्वा महिना, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. सव्वा महिना मोजून त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, आता खाली बसू ना म्हणून. तेव्हा त्यांना कळलं की हे पथ्य जन्माचं आहे. माझी फुशारकी त्या दिवशी संपली.

दर वर्षी दवाखान्यातून अमृता नावाची मुलगी फोन करते. दुखणं दहापैकी किती, किती चालता, बूट-मोजे घालता येतात का. साळूबाईंनी जन्मात मोजे घातलेले नाहीत, पण "येत असतील की" म्हणून मोकळ्या होतात. शेवटी एक प्रश्न असतो: पुन्हा वेळ आली तर हेच ऑपरेशन कराल का? मी श्वास रोखून ऐकते. म्हणजे साळूबाईंचा श्वास अडकतो, तोच मी वापरते. चार वर्षं त्यांचं उत्तर एकच होतं: "ते राहू दे, पोरी." माझ्या परीक्षेतला शेवटचा रकाना चार वर्षं कोरा.

यंदा त्यांची लेक दीपमाला पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगी झाली. बाळाचं अंग धुवायला गारखेड्याहून एक बाई यायला लागली. साळूबाई दारात उभ्या राहून ऐकायच्या. बाळ रडलं की त्यांचे हात आपोआप पुढे जायचे आणि परत यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीपमाला झोपली होती, रामकिसनराव दूध आणायला गेले होते. साळूबाईंनी भिंतीला धरून धरून स्वतःला पाटावर उतरवलं. पाय लांब केले. टॉवेलची गुंडाळी करून नडग्यांवर टाकली आणि हात पुढे केले. हात गुडघ्यापर्यंत आले. त्यांनी जोर लावला, पुन्हा लावला. सोळा स्क्रूंसकट मी जशीच्या तशी. वाकावं असं मला फार वाटत होतं, खोटं सांगत नाही. टॉवेल पायावरून घरंगळला. त्यांना तो उचलता येईना आणि उठताही येईना. त्या रडल्या. माझ्याइतक्या जवळ त्यांच्या कुणी नव्हतं आणि माझ्याइतकं निरुपयोगीही कुणी नव्हतं.

रामकिसनराव आले. काखेत हात घालून त्यांना उठवलं, अंगणातल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारच्या सुतळीच्या बाजेवर पाय पसरून टेकले. मग साळूबाईंचा हात बाजूला गेला आणि त्यांच्या नडगीवर पडला. सहज पडला, त्यासाठी मला वाकावं लागलं नाही. हात तिथंच राहिला.

"आवं, उद्या सकाळी तुमचे पाय लागतेत."

"काहून?"

"न्हाऊ घालायचंय."

रामकिसनरावांना वाटलं, त्यांनाच. ते म्हणाले, "मी करतो की माझी अंघोळ माझी."

दुसऱ्या दिवसापासून अंगणात हा कारभार सुरू झाला. बाजेवर आजोबा धोतर खोचून पाय लांब करून बसतात. त्यांच्या नडग्यांवर नात. शेजारी खुर्चीत साळूबाई, सरळ. तेल चोळतात, तांब्यानं पाणी घालतात, पाणी सुतळीतून खाली गळतं. नात दोन दिवसांत रडायची थांबली; आजोबा अजून पाणी कढत आहे म्हणून कुरकुरतात. गारखेड्याची बाई एकदा बघून गेली आणि शेजारणी रोज बघतात. गेल्या आठवड्यात एकीनं आपलं बाळ आणलं. रामकिसनरावांना कुणी विचारलं नाही.

अमृताचा फोन आला तो नेमका अंघोळीच्या वेळी. हात तेलाचे, म्हणून दीपमालानं फोन कानाशी धरला. दुखणं सांगून झालं, मोजे सांगून झाले. शेवटचा प्रश्न आला. तांब्यातलं पाणी पडायचं थांबलं.

"करीन," साळूबाई म्हणाल्या. "पन पुढच्या बाईला कापायच्या आधी इचारत जा, तुला वाकून काय काय करायचं असतं."

अमृता म्हणाली की फॉर्मवर एवढं लिहायला जागा नाही, मावशी.

"मग कागद उलटा कर अन् मागं लिही. मी थांबते."

त्या खरंच थांबल्या, लिहून होईपर्यंत. आजोबांच्या पायावर नात गारठेल म्हणून तिच्या अंगावर नुसता हात ठेवून.

तर मी अशी पास झाले, दुसऱ्याच्या पायांवर. आता एकच मागणं. साळूबाई जातील तेव्हा मी जळणार नाही. राख सावडताना सापडेन. मला एक्स-रेसारखं मिरवू नका. त्या बाजेखाली पुरा, जिथं न्हाणीचं पाणी गळतं. मी गंजत नाही.