हवालदाराचं नाक

१९४० साली सालेकशाच्या जंगलातून गोंदियाकडे मालाच्या लॉऱ्या धावत होत्या. वाटेवरच्या एका चौकीत पिऊन गाडी हाकणाऱ्याला ओळखायचं साधन एकच होतं, ते म्हणजे हवालदार केशोरावांचं नाक. ड्रायव्हरला तोंड उघडायला लावायचं, वास घ्यायचा आणि कागदावर शेरा मारायचा. त्या शेऱ्यावर अकरा वर्षांत कुणी ब्र काढला नव्हता, आणि केशोरावांना त्याचा ताठाही होता.

चैतात ड्रायव्हर मनीरामची लॉरी उतारावर दुधरामच्या बैलबंडीवर आदळली. दुधरामचा पाय मोडला. मनीरामनेच त्याला पाठीवर घेऊन अर्धा कोस तुडवत चौकीत आणलं. ब्रेक लागला नाही, असं तो परोपरीने सांगत होता, पण केशोरावांना त्याच्या तोंडाला मोहफुलांच्या दारूसारखा वास आला. मग पुढचं ऐकायचं कशाला? ‘दारूच्या नशेत’ असा शेरा पडला आणि मनीराम कोठडीत गेला. लॉरीच्या मालकाने दुसऱ्याच दिवशी लॉरी सोडवून नेली.

तिसऱ्या दिवशी मनीरामची आई बायजाबाई चौकीच्या दारात येऊन बसली. माझ्या तोंडाचा वास घ्या, म्हणाली. केशोराव खेकसले, पण ती काही हलेना. शेवटी वैतागून ते वाकले. तोच वास!

“मी जिंदगीत दारू नाई घेतली, साहेब,” ती म्हणाली. “आज पहाटपासून मोहफुलं वेचून राहिली होती, तेच भाजून खाल्ले. त्या दिवशी लेकालेही म्याच खाऊ घातले. वास आला म्हणजे नशा झाली का? त्याचे पाय लटपटले का, जीभ अडखळली का, हे पायलं का तुमी?”

केशोरावांनी पाहिलं होतं. अंगावर माणूस घेऊन तो सरळ चालत आला होता. पाहिलं होतं, पण लिहिलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी जुने शेरे काढले. अकरा वर्षांत असे किती जण आपण आत पाठवले, ते मोजत बसले.

आपलाच शेरा फिरवला तर नोकरीवर गदा येणार, हे त्यांना ठाऊक होतं. तरी गोंदियाच्या कोर्टात ते म्हणाले, “सही माझी आहे. वास आला, हेही खरं. पण तो दारूचा होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. माणूस शुद्धीत होता. ते मी दडवलं.”

केशोरावांची हवालदारी गेली, ते साधे शिपाई झाले. मनीराम सुटला. कोर्टाच्या हुकमाने लॉरी तपासली, तेव्हा ब्रेकचा तुटका दांडा तारेने बांधलेला सापडला.

वाचकहो, पिऊन गाडी हाकणाऱ्याची गय करू नका. पण संशयाला पुरावा समजू नका. मनीराम कोठडीत होता तेवढे सगळे दिवस ती लॉरी तशाच ब्रेकवर त्याच उतारावरून माल घेऊन जात होती, आणि दोषी सापडला म्हणून आपण सगळे निश्चिंत होतो.