डाव्या कफाचं माप

डाव्या हाताचा कफ उजव्यापेक्षा पाव इंच सैल ठेवायचा, हा आमच्या दुकानाचा नियम वडलांनी घालून दिलेला. त्यांच्या काळात चांगलं घड्याळ म्हणजे दोन नाणी एकावर एक ठेवली तर होईल तेवढ्या जाडीचं. पाव इंचात आरामात मावायचं. हल्ली लोक मनगटावर काय काय बांधतात ते बघितलं की वडील वेळेवर गेले असं वाटतं. परवा एका गिऱ्हाइकानं काउंटरवर हात टेकला, तर मला वाटलं, कुणी कुलूप आपटलं.

आमचं दुकान शर्टांचं. पँट नाही, कोट नाही, फक्त शर्ट. दादा पुढे उभा राहून गिऱ्हाइकांशी बोलणार आणि माप घेणार, मी मागे कापणार आणि शिवणार. छत्तीस वर्षं असंच चाललं. वडील गेले तेव्हा वाटणीही याच धर्तीवर झाली. जागेचा करार दादाच्या नावावर, कारण तो मोठा. वडलांचं सोन्याचं पातळ घड्याळ दादाला, कारण तो मोठा. मला त्यांची कात्री. मी कुरकुर केली नाही. शिंप्याच्या डाव्या मनगटावर टाचण्यांची उशी असते, तिथे घड्याळाला जागा कुठली?

ते घड्याळ वडलांनी उतारवयात घेतलं, आयुष्यात केलेली एकच चैन. कुणी म्हटलं, ‘एवढं महागाचं घेतलंत आणि दिसत पण नाही,’ तर ते म्हणायचे, ‘दाखवायला घेतलंच नाही. हाताला कळू नये आणि वेळ चुकू नये, त्याचेच पैसे असतात.’ सकाळी चावी द्यायचे, हातात चढवायचे आणि विसरून जायचे. कफ त्याच्यावरून असा सरकायचा की कापडाला सुरकुती पडायची नाही. दादाही ते रोज घालायचा. मला त्याचं कौतुक होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शेजारी घड्याळांचं दुकान. आधी ते तीन कपाटांचं होतं, मालक बदलले आणि काचेचा महाल झाला. या नव्या मालकांना आम्ही घड्याळवाले म्हणायचो. माणूस गोड बोलायचा. जाड घड्याळ विकलं आणि ते गिऱ्हाइकाच्या बाहीत जाईना, की त्याला आमच्याकडे पाठवायचा. मग मी डावा कफ उसवून मोठा करून द्यायचो. पाव इंचाचा अर्धा झाला, अर्ध्याचा पाऊण.

कामापेक्षा मला तमाशा जास्त बघायला मिळायचा. मनगट काडीएवढं आणि त्यावर चौदा मिलिमीटर जाडीचा डबा. नाकापेक्षा मोती जड. घड्याळ हाताच्या हाडावरून एका बाजूला कलंडायचं, म्हणून लोक पट्टा आवळायचे. मग खाली घामोळं उठायचं. चावीची गुंडी हाताच्या पाठीत रुतायची. दाराच्या चौकटीला आपटायचं, मेजाच्या कडेला आपटायचं, बायकोच्या ओढणीत अडकायचं. एकदा मी घड्याळवाल्यांना विचारलंच, ‘अहो, लोकांना एवढं टोचतं, तरी का घेतात?’

ते हसले. म्हणाले, ‘पातळ घड्याळ ज्याला कळतं त्याच्यासाठी. जाड घड्याळ बाकीच्यांसाठी. आणि बाकीचे जास्त आहेत.’

मला ते वाक्य इतकं आवडलं की मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. मूर्खासारखा हसलोही.

मग एका दुपारी वहिनी, म्हणजे दादाची बायको, त्याचा शर्ट घेऊन आली. खिसा उसवला होता. ‘भावजी, एवढे टाके घालून ठेवा, जाताना ते घेऊन येतील,’ असं म्हणून ती गेली. दादा बँकेत गेला होता. मी शर्ट मेजावर पसरला. माझ्याच हातचा शर्ट, तीन महिन्यांपूर्वीचा. खिशाचं काम पाच मिनिटांचं. घडी घालताना डावा कफ हातात आला आणि मी थांबलो.

कफाच्या आतली कड काळवंडली होती आणि धागे निघाले होते. तीन महिन्यांत आमचा कफ असा होत नाही. कापडाला रोज धातू घासला तरच होतो, आणि तोही पातळ धातू नाही. मी कफ उलटा केला. बटण अर्धा इंच कडेकडे सरकवलेलं होतं. जिथून काढलं तिथे सुईची चार भोकं अजून दिसत होती. आमच्या दुकानात बटणाचे टाके समांतर घालतात आणि खाली धागा गुंडाळून बटण जरा उभं ठेवतात. हे बटण कापडाला चिकटवल्यासारखं बसवलेलं होतं, टाके फुलीचे, आणि गाठ बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या शिंप्याचं काम असतं तर मी शिव्या देऊन सोडून दिलं असतं. पण हे शिंप्याचं काम नव्हतंच. गाठ बाहेर ठेवण्याची खोड मला चांगली माहीत होती. लहानपणी वडील आम्हा दोघांना सुई-दोरा देऊन बसवायचे, तेव्हा याच गाठीपायी दादाच्या पाठीत धपाटे बसायचे.

म्हणजे दादानं घरात कुठेतरी दार लावून, चष्मा लावून, आपलं बटण आपणच लावलं होतं. दुकानात मी त्याच्यापासून आठ फुटांवर रोज मशीनवर बसलेला असताना. कफ सैल करून हवा होता तर एका शब्दाचं काम होतं. ते मला कळू नये एवढ्यासाठी त्या माणसानं चाळीस वर्षांनी सुई हातात धरली.

दादा परत आला तेव्हा मी काउंटरच्या पुढे उभा होतो. ती त्याची जागा. माझ्या हातात टेप होता.

‘हात दे,’ मी म्हटलं. ‘तुझं माप नव्यानं घेतो.’

‘आता कशाला? माझं माप तुला पाठ आहे.’

‘बदललंय असं वाटतं.’

त्यानं उजवा हात पुढे केला.

‘डावा.’

‘काय चाललंय रे तुझं? गिऱ्हाईक येईल.’

‘येऊ दे.’

त्यानं डावा हात दिला. मनगटावर वडलांचं घड्याळ होतं, नेहमीसारखं. पण त्याच्या चारी बाजूंनी, घड्याळाच्या बाहेर, एक मोठा फिकट गोल उमटला होता, आणि हाताच्या पाठीवर मटाराएवढा लाल खड्डा पडला होता. अशी शेकडो मनगटं मी पाहिली आहेत. मी टेप गुंडाळून ठेवला आणि शर्टाचा कफ त्याच्यासमोर धरला.

‘गाठ अजून बाहेरच ठेवतोस,’ मी म्हटलं.

ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? त्यानं खालचा खण उघडला. मोजपट्ट्यांच्या मागे फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ होतं. त्यानं ते काढून काउंटरवर ठेवलं. पोलादी, मोठं, तीन छोट्या तबकड्यांचं. शेजारच्या काचेत मी ते रोज बघत होतो.

‘घालून बघ,’ तो म्हणाला.

का कोण जाणे, मी टाचण्यांची उशी काढली आणि घातलं. हात खाली ओढला गेला. मनगट वळवलं की गुंडी टोचायची. पण खोटं कशाला बोलू, क्षणभर माझाच हात मला कुणा मोठ्या माणसाचा वाटला. म्हणूनच मी ते घाईनं काढलं.

‘दिलं कुणी?’

‘शेजारच्यांनी. भेट म्हणून.’

‘आणि तू त्यांना काय दिलंस?’

दादा रस्त्याकडे बघत म्हणाला, ‘सही. त्यांना मधली भिंत पाडून दुकान मोठं करायचंय. करार माझ्या नावावर आहे. दोन महिने दिलेत.’

आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हे. मला आधी ओरडायचं होतं, पण तोंडून निघालं ते फार बारीक निघालं. ‘मला विचारायचं नाही?’

‘विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?’

‘नाही.’

‘मग.’ तो स्टुलावर बसला. छत्तीस वर्षांत मी त्याला दुकानाच्या पुढच्या भागात बसलेलं पाहिलं नव्हतं. ‘तू मागे बसतोस. तुला माहीत नाही पुढे काय असतं. इतकी वर्षं मी लोकांची मनगटं धरून वाकून उभा आहे. हे वडलांचं घड्याळ त्यांच्या नाकासमोर असतं. एकानं, एका माणसानं कधी विचारलं नाही की, वा, हे कुठलं? कुणाला दिसलंच नाही. ते दुसरं घालून मी शेजारच्या दुकानात नुसता उभा होतो, तर एक जण मला सर म्हणाला. खुर्ची पुढे केली. मला, खुर्ची.’

‘आणि तेवढ्यासाठी माझ्या पोटावर पाय दिलास.’

‘तुझी सोय केलीय मी. त्यांच्याकडे मागच्या खिडकीपाशी मशीन ठेवणार आहेत. घड्याळ घेईल त्याचा कफ जागच्या जागी सैल करून द्यायचा. पगार आहे. मी पुढे, तू मागे. बदललं काय?’

तो हे अगदी मनापासून म्हणत होता, याचाच मला जास्त संताप आला. लबाडी केली असती तर भांडता आलं असतं. त्याला खरंच वाटत होतं की काही बदललेलं नाही.

मी शर्ट त्याच्या अंगावर फेकला आणि दुकान उघडं टाकून घरी गेलो. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘आपलेच दात, आपलेच ओठ. आता बोलून काय? पण तिकडे जाऊ नका. दुसरं बघा काही.’

मी बघितलं. दोन महिने गावभर फिरलो. चौपन्न वर्षांचा, फक्त शर्ट येणारा माणूस कुणाला हवा असतो? एका कारखान्यात एक पोरगेला साहेब म्हणाला, ‘काका, आमच्याकडे एक जण फक्त कॉलर जोडतो, एक जण फक्त बटण लावतो. अख्खा शर्ट कुणीच शिवत नाही.’ एका जुन्या दोस्तानं चहा पाजला आणि स्वतःच रडगाणं गायला लागला. शेवटी मी मूग गिळून शेजारी गेलो. बायको आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. बरोबरच होतं तिचं.

भिंत पडली त्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो नाही. पुन्हा गेलो तेव्हा आमच्या कापडाच्या फळ्या होत्या तिथे काचेची कपाटं होती, आणि प्रत्येक घड्याळाला एकेक दिवा. माझं मशीन मागे, खिडकीपाशी. दादा पुढे, काळ्या कोटात, ते जाड घड्याळ घालून. कोटाची बाही त्यावर अडकून राहायची आणि तो ती अडकू द्यायचा. गिऱ्हाईक आलं की हात असा काही हलवायचा की आधी घड्याळ दिसावं, मग दादा. विकण्यात तो पटाईत निघाला. ‘वजन जाणवलं पाहिजे साहेब, जाणवलं नाही तर घातलं कशाला?’ वडलांचा मुलगा हे बोलत होता आणि मी मागे बसून ऐकत होतो. वडलांचं पातळ घड्याळ कुठे आहे हे मी त्याला विचारलं नाही. मला उत्तर नको होतं.

महिनाभर बरं चाललं म्हणायचं. मी दिवसाला चार-पाच कफ सैल करायचो. दादा दुपारी डबा घेऊन माझ्याकडे यायचा, आम्ही खिडकीशी बसून जेवायचो. तो बोलायचा, मी हूं म्हणायचो. वाटायचं, जाऊ दे. भाऊ आहे. घड्याळाच्या नादी लागला, पण भाऊ आहे. एवढं धरून मी तिथे टिकलो होतो, दुसरं काही माझ्याकडे उरलंच नव्हतं.

काल एक जाडजूड गृहस्थ आले. बोलायला मोकळे, आवाज मोठा. दुकानातलं सगळ्यात जाड घड्याळ घेतलं आणि अर्थातच ते बाहीत जाईना. दादा त्यांना घेऊन मागे आला. मी उठून त्यांचा हात धरला, माप घेऊ लागलो. दादा माझ्या खांद्याशी उभा राहून त्यांना सांगत होता की दहा मिनिटांत कफ होईल, तोवर चहा घ्या.

गृहस्थांनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाले, ‘अहो, तुमचं दोघांचं नाक अगदी एका साच्यातलं आहे. भाऊ का?’

सहज विचारलं होतं. घड्याळवाले चार पावलांवर होते, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दादानं कोटाची बाही नीट केली आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. सुई बोटात घुसली की लहानपणी तो वडलांच्या आधी माझ्याकडे असंच बघायचा, सांगू नकोस म्हणून. मी कधी सांगितलं नव्हतं.

‘नाही साहेब,’ मी म्हटलं. ‘मी इथला शिंपी.’

म्हटलं आणि थांबलो. गृहस्थांचं मनगट हातात धरून थांबलो. तो हसेल, माझ्या पाठीत एक थाप मारेल, ‘थट्टा करतो हा, धाकटा आहे माझा,’ असं म्हणेल, म्हणून थांबलो. त्यासाठी फार वेळ लागत नाही. एका श्वासाचं काम होतं.

दादानं तो श्वास सोडला. त्याचे खांदे सैल झाले, चेहरा उजळला.

‘पण हात चांगला आहे याचा,’ तो गृहस्थांना म्हणाला. ‘असा माणूस आजकाल मिळत नाही.’